रात्री दोन वाजताचा पासवर्ड
रुग्णालयाच्या सर्व्हरची मुख्य किल्ली नेमकी कुठे ठेवलेली असते, हा आता आरोग्याचाही प्रश्न आहे

चिंचणीची एखादी गरोदर बाई गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवते, तेव्हापासून तिच्याविषयीची माहिती जमू लागते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्हीची चाचणी, सिकलसेलची चाचणी. पुढच्या तपासण्यांसाठी ती वाणगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात जाते. गुंतागुंत वाढली तर नातेवाईक तिला वलसाडला किंवा सिल्वासाला नेतात. पूर्वी हे सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत असत आणि ती पिशवी घरातल्या पेटीत, कपड्यांच्या घडीखाली. पिशवी तिच्या ताब्यात होती. आता त्या कागदांतला बराच भाग संगणकांवर गेला आहे. ते संगणक तिने पाहिलेले नाहीत आणि त्यांची किल्ली कुणाकडे आहे हे तिला ठाऊक नाही.

ही किल्ली आज चर्चेत येण्याचे कारण कायद्यात आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या पार पाडण्यासाठी संस्थांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या रुग्णालयांत यावर बैठका होतात, संमतिपत्रांचे नवे नमुने छापले जातात. पण संमतिपत्राने सर्व्हरला कुलूप लागत नाही. कुलूप लागते ते तांत्रिक कर्मचाऱ्याच्या एका साध्या सवयीने: सर्व्हरच्या ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तो कुठे लिहितो आणि प्रोग्रॅमच्या हाती कसा देतो.

विषय रुक्ष वाटतो. शस्त्रक्रियेआधी हात धुणे हाही एके काळी रुक्षच विषय होता.

पणाला काय लागते?

बँकेचा पासवर्ड फुटला तर तो बदलता येतो, गेलेले पैसे कधी कधी परतही मिळतात. आजाराची माहिती एकदा बाहेर गेली की परत घेता येत नाही. सिकलसेलचेच पाहा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. आदिवासी भागांतील शून्य ते चाळीस वर्षे वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. वारली, कोकणा, धोडिया, कातकरी अशा समाजांची वस्ती असलेल्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात या तपासणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी ही माहिती असणे चांगले. पण 'माहिती असणे' आणि 'सगळ्यांना माहिती असणे' यांत फरक आहे. वाहक मुलगी स्वतः ठणठणीत असते. तरीही तिचा अहवाल गावभर झाला तर तिचे लग्न जमताना काय होईल, हे कुणालाही सांगावे लागत नाही. शिवाय ही माहिती तिच्या एकटीची नसते, तिच्या भावंडांचीही थोडीफार असते.

क्षयरोगाचे आणि एचआयव्हीचे तसेच. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था केली पाहिजे, असे हा कायदा स्वतंत्रपणे सांगतो. ते कलम विनाकारण आलेले नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे हजारो अहवाल इंटरनेटवर उघडे पडले. त्यांत एचआयव्हीचे अहवालही होते, नावांसकट.

त्यानंतर ग्रीनबोन या जर्मन संस्थेने जगभरातील एक्स-रे, सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमा साठवणाऱ्या सर्व्हरांची पाहणी केली. २०१९ मधल्या या पाहणीतले भारताचे आकडे पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इथल्या वृत्तपत्रांत आले. कुणालाही उघडता येतील अशा नोंदींच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला होता: तीन लाखांहून अधिक नोंदी. हे सर्व्हर कुणी फोडलेले नव्हते. फोडायला मुळात कुलूपच नव्हते.

एम्समधले ते दोन आठवडे

कुलूप असून किल्ली चुकीच्या हाती गेली की काय होते, हे दिल्लीच्या एम्सने पाहिले. २३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी तिथली ई-हॉस्पिटल प्रणाली बंद पडली. आधी तांत्रिक बिघाड वाटला, मग खंडणीसाठी केलेला सायबर हल्ला असल्याचे दिसले. सरकारने नंतर संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरवर परिणाम झाला आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. अंतर्गत जाळ्याचे नीट विभाग पाडलेले नव्हते, हेही त्याच उत्तरात होते. बाह्यरुग्ण विभाग, तातडीचा विभाग, प्रयोगशाळा असे सगळे काम कागदावर आले. रक्ताच्या नळीवर हाताने नाव लिहायचे आणि अहवाल आणायला माणूस पाठवायचा, असे जवळजवळ दोन आठवडे चालले.

हा हल्ला पासवर्ड अमुक ठिकाणी ठेवल्यामुळे झाला, असे म्हणायला आधार नाही. पण अशा हल्ल्यांची रीत ठरलेली असते. आधी कुठल्या तरी साध्या दारातून आत यायचे. आत आल्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कुठे पडलेला आहे का, ते शोधायचे. तो सापडला की सगळी दारे उघडतात. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या कंपनीवर असाच हल्ला झाला. रुग्णालये, औषधांची दुकाने आणि विमा कंपन्या यांच्यातले व्यवहार ही कंपनी सांभाळते. चोरलेली पासवर्डची जोडी वापरून हल्लेखोर अशा एका दारातून आत शिरले, जिथे पासवर्डच्या जोडीला दुसरी ओळख विचारलीच जात नव्हती. नऊ दिवस ते आत वावरले, मग कुलूप लावले. १९ कोटींहून अधिक लोकांच्या माहितीला झळ पोचली. कंपनीने दोन कोटी वीस लाख डॉलरची खंडणी दिली, तरी माहिती सुरक्षित राहिल्याची खात्री कुणी देऊ शकले नाही.

रात्रीची अडचण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रुग्णालयाचा डेटाबेस रोज रात्री दोन वाजता आपोआप दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवला जातो. हाच बॅकअप. एम्स पुन्हा उभे राहिले ते सुरक्षित राहिलेल्या बॅकअपच्या जोरावर. हे काम करणारा प्रोग्रॅम बहुधा कमांड लाइनवरचा असतो. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि काम सुरू. तीच ओळ एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवली की तिला स्क्रिप्ट म्हणतात. ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपली आपण चालते.

अडचण अशी, की डेटाबेस पासवर्ड मागतो आणि रात्री दोन वाजता तो टाइप करायला कुणीच बसलेले नसते. मग तो आधीच कुठे तरी ठेवावा लागतो. कुठे?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आज्ञेच्या ओळीतच पासवर्ड लिहायचा. हा सगळ्यात वाईटही मार्ग. लिनक्स प्रणालीवर कुठले प्रोग्रॅम चालू आहेत आणि ते कोणत्या आज्ञेने सुरू झाले, ही यादी नेहमीच्या मांडणीत त्या संगणकावरच्या कोणत्याही वापरकर्त्याला पाहता येते. डॉक्टरांनी रुग्णाचे नाव आणि आजार बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेसमोर मोठ्याने सांगावा, तसे हे आहे. मायएसक्यूएल हा डेटाबेस तर कुणी असा पासवर्ड दिला की लगेच इशाराही छापतो. हाताने दिलेल्या आज्ञांची नोंद शेलच्या इतिहासात राहते, ते आणखी वेगळे.

दुसरा मार्ग म्हणजे स्क्रिप्टच्या मजकुरात पासवर्ड लिहायचा. स्क्रिप्ट एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते, ईमेलने पाठवली जाते, नव्या तंत्रज्ञाला नमुना म्हणून दिली जाते, कधी इंटरनेटवरच्या सार्वजनिक साठ्यातही चढते. जिथे स्क्रिप्ट जाते तिथे पासवर्ड जातो.

तिसरा मार्ग आहे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा. गेली दहा-पंधरा वर्षे तो बराच लोकप्रिय आहे आणि अनेक ठिकाणी सुरक्षित मानला जातो. खरा वाद त्याच्याविषयीच आहे.

प्रोग्रॅमच्या खिशातली चिठ्ठी

प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना संगणक त्याच्या खिशात काही चिठ्ठ्या ठेवतो. भाषा कोणती, वापरकर्ता कोण, कुठल्या जागी काम करायचे, अशी किरकोळ माहिती त्यांवर असते. या चिठ्ठ्या म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. युनिक्स प्रणालीत ही सोय १९७९ मध्ये आली. तिचा हेतू किरकोळ माहिती पुरवण्याचा होता, गुपिते सांभाळण्याचा नव्हता. पण 'पासवर्ड अमुक आहे' अशी चिठ्ठीही खिशात ठेवता येते, आणि अनेक प्रोग्रॅम ती वाचून काम सुरू करतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस 'पीजीपासवर्ड' नावाची चिठ्ठी वाचतो, मायएसक्यूएलमध्येही तशीच सोय आहे.

ही पद्धत लोकप्रिय झाली त्यालाही कारण आहे. २०११ च्या सुमारास हेरोकू या कंपनीच्या अभियंत्यांनी चांगला प्रोग्रॅम कसा बांधावा याची बारा सूत्रे मांडली. त्यांतल्या एका सूत्रानुसार ठिकाणागणिक बदलणारी माहिती, त्यात पासवर्डही, प्रोग्रॅमच्या मजकुरात न लिहिता एन्व्हायर्नमेंटमधून द्यावी. मजकुरात लिहिलेले पासवर्ड सर्रास फुटत होते आणि त्या आजारावर हे औषध खरोखर लागू पडले. कमांड लाइनच्या तुलनेतही ते बरे आहे. आज्ञेची ओळ सगळ्यांना दिसते. खिशातली चिठ्ठी लिनक्सवर साधारणपणे त्याच वापरकर्त्याला आणि सर्वाधिकार असलेल्या 'रूट'ला दिसते.

म्हणून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे निष्काळजीपणा, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. वाईट आणि कमी वाईट यांतली ती निवड होती. पण प्रत्येक औषधाला दुष्परिणाम असतात, आणि या औषधाचे दुष्परिणाम आता पुरेसे कळले आहेत.

दुष्परिणाम

पहिला दुष्परिणाम वारशाचा. एका प्रोग्रॅमने दुसरा प्रोग्रॅम सुरू केला की वेगळी व्यवस्था केली नसेल तर खिशातल्या सगळ्या चिठ्ठ्यांची नक्कल त्यालाही मिळते, आणि त्याने सुरू केलेल्या तिसऱ्यालाही. बॅकअपच्या स्क्रिप्टने फाइल लहान करणारा एक प्रोग्रॅम बोलावला, ईमेल पाठवणारा दुसरा बोलावला, तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड दोघांच्याही खिशात जातो. त्यांना तो लागत नाही, त्यांनी मागितलेलाही नाही. वाहक जनुकाप्रमाणे तो शांतपणे पुढच्या पिढीत उतरतो आणि त्रास होईपर्यंत कुणाला कळत नाही.

दुसरा दुष्परिणाम बडबडीचा. प्रोग्रॅम बिघडला की बिघाडाचा अहवाल तयार होतो, आणि त्यात कित्येकदा एन्व्हायर्नमेंटची अख्खी यादी छापली जाते. तो अहवाल सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडे जातो, नोंदवहीत साठतो, कधी संकेतस्थळाच्या चुकीच्या पानावर सरळ दिसतोही. डॉकर नावाच्या डब्यांत प्रोग्रॅम बंद करून चालवण्याची पद्धत आता रूढ आहे. डब्याची माहिती विचारणारी एक साधी आज्ञा दिली की त्यातली प्रत्येक चिठ्ठी पडद्यावर येते. लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडी या व्यवस्थेच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे, की गुपिते पुरवण्यासाठी एन्व्हायर्नमेंट योग्य नाही. मायएसक्यूएलच्या पुस्तिकेने आपली चिठ्ठीची सोय अत्यंत असुरक्षित ठरवली आहे, आणि पोस्टग्रेसची पुस्तिकाही ती न वापरण्याचाच सल्ला देते.

हे केवळ पुस्तकी आक्षेप नाहीत. २०२१ मध्ये कोडकोव्ह या कंपनीची एक छोटी स्क्रिप्ट जगभरातल्या हजारो संस्था वापरत होत्या. ३१ जानेवारीला हल्लेखोरांनी तिच्यात गुपचूप बदल केला. स्क्रिप्ट जिथे चालेल तिथल्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून त्यांच्या सर्व्हरवर पाठवायच्या, एवढाच तो बदल होता. कुठलेही कुलूप फोडावे लागले नाही. चिठ्ठ्या खिशात होत्याच. १ एप्रिलपर्यंत, म्हणजे दोन महिने, कुणाच्या लक्षात आले नाही. शेवटी एका ग्राहकाने उतरवून घेतलेल्या स्क्रिप्टची गणिती खूण जाहीर केलेल्या खुणेशी ताडून पाहिली. ती जुळली नाही आणि प्रकार उघडकीस आला. औषधाच्या बाटलीवरचा बॅच क्रमांक ताडून पाहणाऱ्या एका सावध माणसाने साथ पकडावी, तसे हे झाले.

दुसरे उदाहरण ऑगस्ट २०२४ चे. अनेक ठिकाणी या चिठ्ठ्या एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतात, आणि प्रोग्रॅम सुरू होताना ती वाचतो. ही फाइल चुकून संकेतस्थळाच्या सार्वजनिक भागात राहिली तर ब्राउझरमध्ये तिचे नाव लिहूनही ती उघडते. पालो अल्टो नेटवर्क्सच्या संशोधकांनी एका खंडणीखोर टोळीचा माग काढला, तेव्हा एक लाख दहा हजार संकेतस्थळांवर अशा फाइलींचा शोध घेतला गेल्याचे दिसले. त्यातून नव्वद हजारांहून अधिक चिठ्ठ्या टोळीच्या हाती लागल्या होत्या. पासवर्ड कितीही लांब आणि अवघड असला, तरी चिठ्ठीच उघडी पडली की त्या लांबीचा उपयोग शून्य.

मग ठेवायचा कुठे?

उत्तर फार महाग नाही. पहिली पायरी म्हणजे पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि ती फाइल वाचण्याचा अधिकार फक्त बॅकअप घेणाऱ्या खात्याला द्यायचा. पोस्टग्रेस याबाबत इतका काटेकोर आहे, की ही फाइल इतरांना वाचता येत असेल तर तो तिच्याकडे दुर्लक्षच करतो. दुसरी पायरी गुपिते सांभाळणाऱ्या खास व्यवस्थेची. सिस्टमडी आणि डॉकर या दोन्हींत ती सोय आहे. पासवर्ड ज्याला हवा त्याच प्रोग्रॅमला, त्याच वेळी मिळतो, आणि पुढच्यांना वारशाने जात नाही. रूटचे अधिकार मिळवलेल्या हल्लेखोराला यातले काहीच थांबवू शकत नाही, हेही खरे. पण बहुतेक हल्ले एवढ्या वरून सुरू होत नाहीत. ते खालून वर चढतात आणि वाटेत पडलेल्या चिठ्ठ्या हीच त्यांची शिडी असते.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिला नवे तंत्रज्ञान लागत नाही. बॅकअप घ्यायला ॲडमिनिस्ट्रेटर लागतच नाही. त्यासाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेले वेगळे खाते उघडता येते. त्या खात्याचा पासवर्ड फुटला तर माहिती वाचली जाईल आणि तेही वाईटच; पण कुणाला डेटाबेस पुसता येणार नाही, रक्तगट बदलता येणार नाही, कुलूप लावून खंडणी मागता येणार नाही. सरसकट मुख्य किल्ली वापरण्याची सवय आळसातून येते. तिच्याने सगळी दारे उघडतात, म्हणून कुठल्या दाराला कुठली किल्ली याचा विचार करावा लागत नाही.

चौथी पायरी बॅकअपचीच. त्याची एक प्रत मुख्य जाळ्याशी न जोडलेल्या ठिकाणी हवी. आणि त्या प्रतीतून माहिती खरोखर परत येते का, हे अधूनमधून करून पाहिले पाहिजे. न तपासलेला बॅकअप म्हणजे दाब न पाहिलेला प्राणवायूचा सिलिंडर. गरज पडते त्या रात्रीच तो रिकामा निघतो.

शिस्त नवी नाही

सरकारी रुग्णालयाला हे सगळे परके वाटायचे कारण नाही. प्रत्येक मोठ्या वॉर्डात मॉर्फिनसारख्या औषधांचे कपाट कुलपात असते. किल्ली ठरलेल्या सिस्टरकडे असते. पाळी बदलताना किल्ली आणि मोजलेल्या ॲम्प्युल दोन्ही सोपवले जातात. कुणाला, किती, कोणाच्या सहीने दिले, हे नोंदवहीत लिहिले जाते. फुटलेल्या ॲम्प्युलचाही हिशेब द्यावा लागतो. मॉर्फिनची किल्ली टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकून सिस्टर जेवायला गेल्या, तर त्यांना जाब विचारला जाईल. त्याच रुग्णालयाच्या सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर असला, तर कुणी विचारेलच असे नाही.

कपाटाची ही शिस्त सर्व्हरला जशीच्या तशी लावता येते. किल्ली कुणाकडे आहे हे लिखित असावे. माणूस बदलला की किल्ली बदलावी. कोण कधी आत गेले याची नोंद राहावी. नवे नियम अशा नोंदी किमान वर्षभर ठेवायला सांगतात. एक किल्ली चौघांनी वापरू नये, कारण मग चूक कुणाची हे कधीच कळत नाही.

माणूस बदलण्याचा मुद्दा विशेष महत्त्वाचा, कारण सरकारी यंत्रणेत संगणकाचे काम बहुतेक कंत्राटावर चालते. २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली जुनी संगणक प्रणाली बंद झाली, तेव्हा केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची नवी प्रणाली आली. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. जुन्या प्रणालीचे सगळे पासवर्ड कुणाच्या ताब्यात आले? आणि ते बदलले का? टेबल-खुर्च्यांची यादी करून त्यांचा ताबा घेतला जातो. किल्ल्यांचा ताबा घेण्याचा रकाना त्या यादीत असला पाहिजे.

छोट्या दवाखान्याने काय करावे?

एम्ससारख्या संस्थेवर हल्ला झाला की केंद्र सरकारच्या यंत्रणा धावून येतात. डहाणू तालुक्यातल्या दहा खाटांच्या दवाखान्यासाठी किंवा गावच्या छोट्या प्रयोगशाळेसाठी कोण येणार? कायद्याची अपेक्षा मात्र त्यांच्याकडूनही आहे. सायबर घटनेची माहिती सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला द्यावी, असा निर्देश एप्रिल २०२२ पासून आहे. नवे नियम पूर्णपणे लागू झाल्यावर माहिती फुटली तर संबंधित रुग्णांना विनाविलंब कळवावे लागेल आणि माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा लागेल.

छोट्या दवाखान्याच्या डॉक्टरने संगणकशास्त्र शिकावे अशी कुणाची अपेक्षा नाही. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला पाच प्रश्न विचारले तरी पुरे. सॉफ्टवेअरसोबत आलेला मूळ पासवर्ड बदलला का? रोजचा बॅकअप कोणत्या खात्याने घेतला जातो, ॲडमिनिस्ट्रेटरच्या की मर्यादित अधिकाराच्या? त्या खात्याचा पासवर्ड कुठे ठेवला आहे: आज्ञेत, स्क्रिप्टमध्ये, एन्व्हायर्नमेंटमध्ये की बंदिस्त फाइलमध्ये? सर्व्हर इंटरनेटवरून थेट दिसतो का, आणि दिसत असेल तर पासवर्डशिवाय दुसरी ओळख विचारतो का? तुमचा माणूस काम सोडून गेला तर आमचा पासवर्ड कोण बदलणार? उत्तरे देताना पुरवठादार चाचपडला, तर तेवढ्यावरूनही बरेच कळते. उत्तरे लेखी घ्यावीत, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

चिंचणी-वाणगावच्या पट्ट्यात घरोघरी सोन्या-चांदीच्या दागिन्यांचे डाय बनवणारे कारागीर आहेत. त्यांना यातले मर्म कुणी समजावून सांगायला नको. डाय हाती आला की तसाच दागिना कितीही वेळा काढता येतो, आणि काढलेल्या नकलेवर मालकाचे नाव नसते. म्हणून कारागीर तयार डाय उघड्यावर टाकत नाही. पासवर्डही तसाच डाय आहे. त्याची नक्कल झाली तरी मूळ जागेवर काहीच हललेले दिसत नाही, त्यामुळे चोरी झाल्याचेही कळत नाही.

रुग्णाच्या हातात यातले फार थोडे आहे, पण काहीच नाही असे नव्हे. आपली कोणती माहिती वापरली जाते आणि ती कुणाला दिली जाते, हे विचारण्याचा हक्क नव्या कायद्याने त्याला दिला आहे. हा हक्क इंग्रजीतल्या लांबलचक फॉर्मवर अंगठा घेऊन पुरा होत नाही. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचे वेळापत्रक असते. त्याच्या शेजारी मराठीत चार ओळी लावता येतील: तुमची कोणती माहिती संगणकात आहे, ती कोण पाहू शकते, आणि तक्रार कुणाकडे करायची. वारली बोलणाऱ्या बाईला त्या ओळी आशाताईंनी वाचून समजावाव्यात. पण हे सांगण्याआधी आतली व्यवस्था नीट हवी. नाहीतर तो आणखी एक फलक ठरेल.

क्षयाची औषधे घेणारा माणूस किंवा सिकलसेलची तपासणी करून घेणारी मुलगी आरोग्य सेविकेसमोर मनगट पुढे करते, ती एका विश्वासावर. जे कळेल ते इथेच राहील, हा तो विश्वास. तो एकदा तुटला तर लोक भांडायला येत नाहीत, ते तपासणीलाच यायचे थांबतात. मग अभियानाचे उद्दिष्ट कागदावर उरते आणि आजार घरात. रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या त्या स्क्रिप्टमध्ये मुख्य पासवर्ड कसा दिला आहे, हे उद्या सकाळी उघडून पाहायला एका तंत्रज्ञाला काही मिनिटे लागतील. ती मिनिटे त्याच्याकडून मागून घेणे हे रुग्णालय चालवणाऱ्यांचे काम आहे.